ठकीचं खळं

कमिटीकडून मला कागद आलाय. क्लबाला यंदा पंधरा वर्षं होतात, त्या निमित्तानं मैदानाच्या कडेला दगडी पाटी बसवायची आहे, तर क्लबाचा पहिला गोलकीपर म्हणून मी ‘मैदान उभारणारे आपले सेक्रेटरी मालोजीराव’ यांच्याविषयी दोन शब्द लिहून द्यावेत, असं त्यात आहे. वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. मालोजीरावांनी त्या मैदानातला एक खडा जरी वाकून उचलला असेल, तर माझ्या नावाचं कुत्रं पाळा!

मैदान ठकीनं केलं. पळसदरीच्या वरच्या ठाकूरवाडीतल्या ठकीनं. कमिटीतल्या निम्म्या पोरांना ठकी कोण हे ठाऊक नाही, आणि उरलेल्या निम्म्यांना ठाऊक असून आठवत नाही. म्हणून मी दोन शब्द लिहितोय ते तिच्याविषयी. नको असतील तर खुशाल चुलीत घाला. लिहिणार मी हेच.

आणि आधीच सांगून ठेवतो, यात मी काही मोठा सज्जन नाही. मालोजीवर माझा जितका राग आहे, त्याच्या दुप्पट माझा माझ्यावर आहे. का, ते पुढं येईलच.

ठकी अंगानं एवढीशी. उभी राहिली तर माझ्या छातीला लागायची. लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं, गळ्यात मण्यांच्या माळा, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण. नवरा कमळ्या मानमोडीच्या साथीत गेला, त्या वर्षी वाडीतली निम्मी घरं बसली. एक मुलगी, भागी, ती साजगावच्या पलीकडे दिलेली. मग घरात ठकी एकटीच. पण एकटी बाई म्हणून कोणी तिची कीव करावी, हे तिला खपायचं नाही. एकदा माझ्या आईनं तिला भाकर देताना नुसतं “बिचारी गं” म्हटलं, तर भाकर ओट्यावर ठेवून ही तरातरा चालू पडली.

तिचं काम होतं खळी करायचं. दिवाळीनंतर भात झोडायला शेतात जमीन चोपून सारवतात, ते खळं. तसं ते कोणीही करतं, माझा बापही करायचा. पण ठकीचं खळं म्हणजे ठकीचं खळं. चार बोटं खणायची, खडान्‌खडा वेचायची, पाणी शिंपडून पायांनी तुडवायची, मग चोपणं घेऊन बसायची. चोपणं म्हणजे लाकडाचं बडवणं. तिचं चोपणं आईकडून आलेलं होतं, मूठ झिजून बारीक झालेली. दोन दिवस नुसती धपधप. मग शेणकाला, मग ऊन, भेग पडेल तिथं परत काला. तिच्या खळ्यात भाताचा दाणा हरवायचा नाही. ज्याच्या शेतात ठकीचं खळं, तो सुगीत मिशांना पीळ देत बसायचा.

आता खळ्याचा एक नियम असतो, तो तुम्हा बूटवाल्यांना सांगायलाच हवा. एकदा शेणकाला फिरला आणि नारळ फुटला, की खळ्यात पायात काही घालून जायचं नाही. तिथं भात यायचं असतं. कोणी का असेना, वहाणा बाहेर. हा नियम सगळ्यांच्याच घरी आहे, पण ठकीइतका कडक कोणी पाळला नाही. एकदा पोलीस पाटील स्वतःच्याच खळ्यात जोड्यांसकट शिरले. ठकीनं चोपणं खाली टाकलं आणि पाय पसरून मधोमध बसली.

“पाटील, जोडं.”

“अगं, खळं माझंच ना?”

“भात आलं म्हंजी तुमचं. तवर माजं हाय.”

पाटील मुकाट्यानं मागं फिरले, जोडे बांधावर काढले आणि हसत परत आले. अख्खं गाव वर्षभर ती गोष्ट सांगत होतं. तेव्हा गावात लोक हसू शकत होते.

बॉल आला तेवीस साली. मी कर्जतच्या इंजिनशेडात क्लीनर होतो. शेडातले गोरे ड्रायव्हर आणि फायरमन संध्याकाळी बॉल खेळायचे, आम्ही कुंपणाबाहेरून बघायचो. त्यांनी टाकून दिलेला एक बॉल आम्ही गावात आणला. आतला ब्लॅडर चार ठिकाणी चिकटवलेला, वरचं कातडं मोहाच्या तेलात भिजवून मऊ केलेलं. गावच्या माळावर दोन बांबू इकडं, दोन बांबू तिकडं, झाला क्लब. मालोजी नुकताच एका कचेरीत कारकून म्हणून चिकटला होता. त्याला इंग्रजीत पत्र लिहिता यायचं, म्हणून तो सेक्रेटरी. बॉलला त्यानं उभ्या जन्मात पाय लावला नाही. मला गोलकीपर केलं, कारण मी सगळ्यांत उंच होतो आणि पळायला सगळ्यांत आळशी.

माळ कसला तो, नुसते धोंडे. पहिल्याच महिन्यात मी बॉलवर झेप घेतली आणि गुडघा दगडावर आपटून फुटला. पंधरा दिवस खाटेवर पडून होतो. उठलो तो थेट ठाकूरवाडीत गेलो.

“ठके, एक खळं करून देशील का गं?”

“कुनाचं?”

“आमचं. पोरांचं. माळावर.”

ती बघायला आली. मी तिला या बांबूपासून त्या बांबूपर्यंत चालून दाखवलं. ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

“येवडं? आन् येवडं भात कुटं हाय रं तुमच्याकडं?”

आमच्यातला एक टारगट म्हणाला, “हितं भाताची नाय गं, गोलांची रास पडणार हाय!” सगळे फिदीफिदी हसले. ठकी हसली नाही. तिनं माझ्याकडं बघून विचारलं, “पन खळंच ना?”

“हो हो, खळंच,” मी म्हणालो. हसत म्हणालो. आम्हाला ती गंमत वाटली. तिनं काही ती गंमत म्हणून घेतली नाही.

पहिल्या वर्षी दोन्ही गोलांपुढची जागा, दुसऱ्या वर्षी मधला पट्टा, तिसऱ्या वर्षी सगळं मैदान. वाडीतल्या सोमी आणि जना या दोघी तिच्या मदतीला. निघालेले दगड तिनं कडेला रचले, तोच तुमचा आजचा बांध, ज्याच्यावर बसून तुम्ही बिड्या फुंकता. माळाच्या एका कोपऱ्यात वाघोबाचा शेंदरी दगड आहे. मालोजी म्हणाला, दगड हलवा, रेघ सरळ येत नाही. ठकी म्हणाली, “रेग हलव.” रेघ हलली. म्हणून आपल्या मैदानाचा एक कोपरा वाकडा आहे आणि तिथं झेंड्याऐवजी वाघोबा आहे. त्या कोपऱ्यावरून कॉर्नर मारताना आमची पोरं आधी हात जोडायची, मग लाथ मारायची.

काम संपल्यावर ठकीनं गोलापुढं नारळ फोडला आणि सांगितलं, आता वहाणा बाहेर.

आम्हाला काय, आम्ही अनवाणीच खेळायचो. नेरळचे, शेलूचे, खालापूरचे संघ यायचे, तेही अनवाणीच. पण ठकीनं बघणाऱ्यांनाही सोडलं नाही. बांधाच्या आत यायचं तर पायातलं बांधाबाहेरच्या जांभळीच्या झाडाखाली काढायचं. पहिल्यांदा लोकांनी कुरकुर केली, मग पोलीस पाटलांनी आपले जोडे नेऊन जांभळीखाली ठेवले आणि कुरकुर थांबली. मॅचच्या दिवशी तिथं दीड-दोनशे जोड रांगेनं लागायचे. परगावचे लोक हसायचे, “देऊळ हाय का काय हे?” हसायचे, पण काढायचे. आणि एकदा आत उतरले की गप व्हायचे, कारण असं मैदान कर्जत-खालापुरात दुसरं नव्हतं. बॉल सरळ चालायचा. टप्पा किती उडणार ते मी डोळे मिटून सांगितलं असतं. आठ वर्षं मी त्या गोलात उभा राहिलो, गुडघा एकदाही फुटला नाही.

दर पावसाळ्यात मैदानावर गवत माजायचं आणि दर दिवाळीनंतर ठकी परत पहिल्यापासून सुरू करायची. सुगीला आम्ही घरटी सूपभर भात द्यायचो, तेवढंच. एकदा मी तिला विचारलं, एवढं कशाला मरमर मरतेस गं या माळासाठी? ती चोपणं पुसत बसली होती.

“माज्या आयनं जल्मभर खळी केली. मी बी करत्ये. दर जेठात त्यांच्यावर नांगर फिरतो. आमचं केल्यालं एक बी खळं ऱ्हायलं नाय, धोंड्या. ह्येच एक हाय, ज्याला नांगर लागत नाय. मी मेल्यावर बी ऱ्हाईल.”

ती एवढं एकदाच बोलली. मी हूं म्हणालो, बिडी पेटवली आणि विसरलो. तिला जगात हवी होती ती ही एवढी एकच गोष्ट, आणि ती तिनं मला सांगून ठेवली होती. दुसऱ्या कोणाला नाही, मला!

एकतीस सालच्या पौषात मालोजी नाचतच आला. शेडातल्या गोऱ्यांचा संघ पळसदरीला मॅच खेळायला यायला तयार झाला होता. तीन वर्षं तो त्यांना पत्रं लिहीत होता. मॅच नीट पार पडली तर आपल्या क्लबाला ढालीच्या, म्हणजे शील्डच्या, सामन्यांत घेतील, असं त्याचं म्हणणं. आम्हीही नाचलो, खोटं कशाला बोलू? संध्याकाळी तो मला बाजूला घेऊन म्हणाला, “धोंड्या, ते लोक बूट घालून खेळतात. तळाला खिळे असतात. त्या ठाकरणीचं काय करायचं?”

मी म्हणालो, साहेबांना सांगू, आमच्याकडं अशी रीत आहे.

“साहेबाला अनवाणी हो म्हणून सांगू? अक्कल गहाण टाकलीस का रे? आणि तू नोकरी कुठं करतोस, आठवतंय ना?”

झालं. नोकरी म्हटल्यावर मी शेपूट घातली. मालोजी मग गोड आवाजात म्हणाला, “तू तिला सांग, तेपण काढणार आहेत. मैदान तर परत नवं करून घे तिच्याकडून. त्या दिवशीचं त्या दिवशी बघू.”

मी गेलो. स्वतःच्या पायांनी चढून गेलो ठाकूरवाडीत. ठकी दारात बसून झाडू बांधत होती. साहेब लोक येणार म्हटल्यावर तिनं एकच विचारलं.

“पायात?”

“काढणार. जांभळीखाली काढणार, तसं ठरलंय.”

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. “तू सांगतोस ना?”

“मी सांगतो.”

“मंग झालं.”

माझी जीभ तेव्हाच झडली असती तर बरं झालं असतं.

बारा दिवस ती मैदानावर होती. असं खळं तिनं आधी कधी केलं नव्हतं. गोलापुढची माती तिनं चाळणीनं चाळली. शेणकाल्याचे दोन हात द्यायची, तिथं तीन दिले. सोमीला आणि जनाला एका भेगेवरून असं तासलं की दोघी रडकुंडीला आल्या. साजगावकडं निरोप धाडून तिनं भागीला बोलावून घेतलं, साहेब लोक आपल्या खळ्यात अनवाणी खेळणार ते बघायला. आणि मी रोज शेडातून सुटल्यावर तिकडं जात होतो, बघत होतो आणि मूग गिळून गप बसत होतो. बारा दिवस. एका शब्दाचं काम होतं.

मॅचच्या दिवशी पाच गावचे लोक लोटले. जांभळीखाली वहाणांच्या तीन रांगा. बायका समोरच्या बांधावर, त्यांच्यात भागी. ठकी जांभळीपाशी उभी, धुतलेलं लुगडं, केसांना तेल. साहेब लोक स्टेशनाकडून चालत आले. सगळ्यांत पुढं एक फायरमन होता, बावीस-तेवीस वर्षांचा, लाल केसांचा. त्याचं नाव मला आजही ठाऊक नाही, शेडात आम्ही त्याला तांबड्या म्हणायचो. तो बांध ओलांडणार तेवढ्यात ठकीनं हात आडवा केला. त्याच्या बुटांकडं बोट केलं, मग जांभळीखालच्या वहाणांकडं.

तांबड्या थांबला. त्यानं त्या रांगा बघितल्या. मग वाकून मैदानावर तळहात फिरवला. कोणी गाईच्या पाठीवर फिरवतं तसा. सोबत्यांकडं वळून हसत काहीतरी बोलला, बांधावर बसला आणि बुटाची नाडी सोडायला लागला. एक बूट काढला त्यानं. काढून बाजूला ठेवला. दुसऱ्याची नाडी सोडत होता. मी तिथून चार पावलांवर उभा होतो, माझ्या या दोन डोळ्यांनी बघितलंय. त्याच्या मागचे दोघंही बसायला लागले होते.

तेवढ्यात धोतराचा सोगा सावरत मालोजी धावत आला. “नो सर! नो नो, सर!” करून ओरडत आला. शेडात राहून मला तेवढं इंग्रजी कळतं, त्यानं साहेबाला सांगितलं की ही बाई वेडी आहे. आणि खाली वाकून त्यानं तो काढलेला बूट दोन्ही हातांनी उचलला आणि साहेबाच्या पायापुढं धरला. आपला सेक्रेटरी! ज्याच्या नावाची तुम्ही दगडी पाटी लावताय, तो! तांबड्यानं एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा ठकीकडं, खांदे उडवले आणि बूट परत घातला.

मालोजी ठकीवर खेकसला, “चल, हो बाजूला!” त्यानं तिला ढकललं. ती मैदानाच्या तोंडाशी पाय पसरून बसली, पाटलांच्या खळ्यात बसली होती तशीच. लोक हसायला लागले. मालोजीच्या तोंडाला फेस आला होता.

“धोंड्या! उचल हिला!”

मलाच का सांगितलं? कारण माझ्यावर ती हात उचलणार नाही, हे त्या लबाडाला पक्कं ठाऊक होतं. आणि मी उचललं. होय, मी उचललं. काखेत हात घालून उचललं, भाताच्या भाऱ्याएवढंही वजन नव्हतं तिचं. बांधाच्या मागं नेऊन ठेवलं. तिनं मला मारलं नाही, शिवी दिली नाही, धडपडली पण नाही. फक्त म्हणाली, “तू सांगितलंस ना रं?”

शिट्टी झाली, मी गोलाकडं पळालो.

मॅचचं काय सांगू? दहा मिनिटांत मैदानाची चाळण झाली. अकरा माणसांचे बावीस बूट, प्रत्येकाला खिळे. वळले की ढेकूळ उडे, थांबले की सरी पडे. नांगर तरी सरळ रेघेत चालतो. आमची पोरं अनवाणी त्या ढेकळांवर पळत होती. तरी एक-एक गोल झाला होता. मग शेवटाला एक मरतुकडा बॉल आला, कोणीही अडवला असता असा. मी खाली वाकलो. तो माझ्यापुढं हातभर अंतरावर एका टाचेच्या खड्ड्यात पडला, उसळून माझ्या मनगटावरून गेला आणि आत. दोन-एक. लोक म्हणतील देवानं शिक्षा केली. तसं काही नाही. तेवढीच शिक्षा असती, तर मी फारच स्वस्तात सुटलो असतो.

मॅच सुटल्यावर मालोजी साहेबांना सोडावॉटर पाजत होता. तांबड्यानं विचारलं, ती बाई कुठं आहे? मालोजी म्हणाला, घरी गेली. कुठली घरी गेली? ती बांधाच्या मागंच उभी होती. सगळे पांगल्यावर ती आत आली. माझ्या गोलापुढं उकिडवी बसली, एका खड्ड्यात बोटं घातली आणि तो सारखा केला. मग मान वर करून तिनं सगळं मैदान बघितलं. आणि उठली.

“भागे, चल गं. खळं मोडलं,” एवढंच म्हणाली. जांभळीखालचं चोपणं उचललं आणि दोघी वर चालू पडल्या. मी तिथंच होतो. माझ्याकडं तिनं बघितलंही नाही.

त्यानंतर ठकी गावात खळं करायला आली नाही. मैदानावर तर नाहीच, कोणाच्या शेतातही नाही. दिवाळीनंतर पोलीस पाटील स्वतः वर जाऊन आले. तिनं सांगितलं, “ज्या गावानं खळ्यात नांगर घातला, त्या गावाचं भात माज्या खळ्यात नको.” आणि गाव चिडलं कोणावर? तिच्यावर! ठाकरणीला माज आला म्हणाले. मालोजीनं गावभर उठवलं, की साहेब बूट काढत नव्हताच मुळी, तो नाडी बांधायला बसला होता, ही बाई वेडी आहे. लोकांनी मान डोलावली. मला कोणी विचारलं नाही, आणि मी कोणाला सांगितलं नाही. तिला दुसरं कामही कोणी बोलावेना. मग ती डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन कर्जतच्या बाजाराला जायला लागली, त्या वयात. मी तोवर बढती मिळून शेडातून इंजिनावर चढलो होतो. कधी कधी रुळांच्या कडेच्या वाटेनं जाताना दिसायची. मी मान फिरवायचो. सात वर्षं मी मान फिरवत होतो.

आणि तुमच्या मैदानाचं काय झालं? मालोजीनं कुठून तरी दगडी रूळ आणला, बैल जुंपून फिरवला. पहिल्या पावसात सगळे धोंडे वर आले. ढालीच्या सामन्यांत आपल्याला कोणी घेतलं नाही, गोऱ्यांचा संघ परत कधी आला नाही. आता आपलीच पोरं बूट घालून खेळतात आणि दर साली कोणाचा तरी गुडघा फुटतो. खेळा, फुटू द्यात. माझं काय जातं!

हे सगळं लिहिण्याआधी, कमिटीचा कागद आल्यावर, गेल्या रविवारी मी ठाकूरवाडीत जाऊन आलो. ठकी आहे अजून. वाळून काडी झाली आहे. अंगणात सुपात वाल निवडत बसली होती. आणि अंगण कसं? चोपलेलं, सारवलेलं, चकचकीत. मी कडेला थांबलो आणि वहाणा काढायला वाकलो.

“घालूनच ये,” ती म्हणाली.

“नको, काढतो.”

“घालूनच ये म्हनत्ये ना. तू काडल्या काय आन् घातल्या काय.”

तिनं ते चोपणं माझ्या टाळक्यात घातलं असतं तर बरं वाटलं असतं. मी वहाणा काढल्याच, पण आत पाऊल टाकायची हिंमत झाली नाही. तिथूनच तिला पाटीचं सांगितलं. म्हणालो, मी भांडून तुझं नाव घालायला लावतो. ती फसकन हसली.

“नाव घिऊन काय करू? मला वाचाया येतंय का?”

मग परत वाल निवडायला लागली. मान वर न करता तिनं विचारलं, “त्या तांबड्यानं एक बूट काडला व्हता. तू बगितला व्हतास ना रं?”

“बघितला.”

“गावात म्हनतात, मी येडी हाय. साहेब कशाला बूट काडंल? भागी लांब बसली व्हती, तिला दिसलं नाय, ती बी म्हनती आये सोड आता. सात वरसं ऐकत्ये. आता माजं मला बी वाटाया लागलंय, का मी येडीच असंन.”

“नाय गं. काढला होता त्यानं. एक काढून ठेवला, दुसऱ्याची नाडी सोडत होता.”

“तू सांगतोस ना?”

“मी सांगतो.”

तिनं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. मागच्या वेळी ‘मंग झालं’ म्हणाली होती, तसं या वेळी म्हणाली नाही.

“मला नगं सांगू. मला ठावं हाय. गावात जाऊन सांग.”

म्हणून सांगतोय. पाटी बसवायच्या दिवशी मी हा कागद सगळ्यांसमोर उभा राहून वाचणार आहे. कमिटीनं कागद चुलीत घातला तर तोंडपाठ सांगेन. साहेबानं बूट काढला होता. आपल्या मालोजीनं तो उचलून परत त्याच्या पायात घालायला लावला, आणि जिचं खळं होतं तिला मी उचलून बाहेर टाकलं. ठकी वेडी नाही. पाटीवर तुम्हाला ज्याचं घालायचं त्याचं नाव घाला, माझं घालू नका. आणि पाटी ठोकायला आत जाल, तेव्हा पायातलं जांभळीखाली काढून जा.